८०० फुटी बोअरचं पाणी कोमट का, आड का आटला आणि भूकंपाचा त्याच्याशी संबंध आहे का

औसा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. त्यांच्या चुलत्यानं लागूनच असलेल्या वावरात ८०० फूट बोअर मारला, पाणी लागलं पण ते कोमट येतंय आणि चवीला मचूळ लागतंय, मोटार बंद असली तरी रात्री बोअरमधनं आवाज येतो. त्यांच्या आजी म्हणतात ९३ च्या आधी पण असेच आवाज यायचे, तुम्ही जमीन पोखरायलाय, परत हलणार. आणि बोअर झाल्यापासून यांच्या घरचा ६० फुटाचा जुना आड खाली गेलाय. तर बोअरमुळं भूकंप होतो का, आणि हे पाणी घरात प्यायला घ्यावं का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, मी सत्तावीस वर्षं लातूर, धाराशिव, नांदेड या पट्ट्यात भूजलाचं काम करतोय, विहिरी मोजत, पाण्याचे नमुने घेत, बोअरच्या गाडीशेजारी फुफाट्यात उभं राहून वर येणारा भुगा बघत. त्यामुळं जरा लांबलचक लिहितो, पण सगळं वाचा, कारण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात आणि त्या सुटी केल्याशिवाय उत्तर नीट बसणार नाही.

आधी आजींचं. त्यांचं बोलणं उडवून लावू नका, त्यांची आठवण बरोबर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते, ६.२ चा धक्का आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. पण त्याच्या वर्षभर आधी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, किल्लारी भागात लहान लहान धक्के बसत होते, जमिनीतनं गडगड आवाज येत होते, ही नोंद आहे. म्हणजे आजी म्हणतात तसे आवाज आलेले आहेत. फक्त ते आवाज आणि तुमच्या बोअरचा आवाज हे एक नाही.

खोलीचा हिशोब बघा. ८०० फूट म्हणजे साधारण २४४ मीटर, पाव किलोमीटर. किल्लारीला खडक सरकला तो कित्येक किलोमीटर खाली, आणि तिथनं फाटत वर आला म्हणून शेतात जमीन उचलली गेली, भेगा पडल्या. आपल्या पायाखाली जो काळा दगड आहे तो लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लोकांना वाटतं हा पाताळापर्यंत असाच आहे. तसं नाही. भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेनं किल्लारीजवळ ६१७ मीटरचं छिद्र घेऊन बघितलं तर काळा दगड ३३८ मीटरलाच संपला, मग ८ मीटरचा जुन्या गाळाचा थर आणि त्याच्याखाली लाव्हाच्या कितीतरी आधीचा, अब्जावधी वर्षं जुना खडक. त्या जुन्या खडकात जुन्या कमकुवत भेगा आहेत. आपला सगळा भारताचा तुकडा उत्तरेकडं सरकत आशियाला रेटतोय, हिमालय त्याच्यामुळंच उभा राहिला, त्या रेट्याचा ताण आपल्यापर्यंत पोचतो आणि एखादी जुनी भेग तो सहन करेनाशी झाली की सरकते. साडेसहा इंची बोअरनं त्या ताणात काही फरक पडत नाही.

लोक इथं कोयनेचं उदाहरण देतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला आणि धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध आहे हे जगभर मानलं जातं, ते खरं आहे. पण तिथं डोंगराएवढं पाणी एका जागी साठून त्याचा भार आणि दाब खोल भेगांत जातो. किल्लारीच्या बाबतीत तेरणेच्या धरणाबद्दल पण बोललं गेलं, त्यावर शास्त्रज्ञांत दोन मतं आहेत. मात्र शेतकऱ्याच्या बोअरमुळं किल्लारी झालं असं कुणी म्हणत नाही, आणि ९३ ला आपल्याकडं एवढे खोल बोअर फारसे नव्हतेच, हातपंपाचे दीड-दोनशे फुटांचे असायचे.

आता आवाज. भूकंपाचा आवाज सगळ्या गावाला एकदम ऐकू येतो, काही सेकंद टिकतो, पत्रा थरथरतो, मांडणीवरची भांडी वाजतात. नांदेड शहरात २००६-०७ पासून असे धक्के-आवाज झाले, निलंगा तालुक्यात हासोरीला २०२२ मध्ये लोक रात्र रात्र बाहेर बसले होते, आणि हिंगोली-वसमत-कळमनुरीकडं तर आता सवय झाल्यासारखं झालंय, २१ मार्च २०२४ ला सकाळी ४.५ चा आणि पाठोपाठ ३.६ चा, मग १० जुलैला परत ४.५ चा. हे सगळे कमी खोलीवरचे लहान धक्के, आणि आपला खडक कडक असल्यामुळं त्यांची थरथर फारशी न मुरता वर येते नि कानाला गडगड लागते, कधी कधी तर हादरा जाणवतच नाही, नुसता आवाज येतो. ४.५ ऐकून लोक घाबरतात पण ६.२ च्या धक्क्यात त्याच्या साडेतीनशे पट ऊर्जा असते, हे डोक्यात ठेवा. लहान धक्के आले म्हणजे मोठा येणारच असं नसतं, आणि येणारच नाही अशी हमी पण कुणी देऊ शकत नाही. तारीख सांगणारा कुणी भेटला व्हॉट्सअपवर तर त्याचा मेसेज पुढं पाठवू नका.

तुमच्या बोअरचा आवाज मात्र फक्त बोअरच्या तोंडाशी येतो, आणि बराच वेळ चालू राहतो, बरोबर ना? त्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे बोअर श्वास घेतो. हवेचा दाब दिवसात दोनदा वर-खाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चार आणि पहाटे चारच्या सुमारास कमी. खडकात कोरड्या पडलेल्या पोकळ्या असल्या की दाब वाढताना बोअर हवा आत ओढतो आणि कमी होताना बाहेर फेकतो, मग केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये वरनं टाकलेल्या पाइपाच्या, फटीतनं सूं सूं किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. उदबत्ती पेटवून तोंडाशी धरा, दुपारी एक वाजता धूर बाहेर ढकलला गेला आणि संध्याकाळी सातला आत ओढला गेला तर समजा हेच आहे. दुसरं कारण मला जास्त काळजीचं वाटतं, आणि ते तुमच्या आडाशी जोडलेलं आहे. रात्री सगळीकडं सामसूम झाल्यावर बोअरला कान लावा, पाणी पडल्याचा, टपटप किंवा धारेचा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर तुमच्या आडाचं पाणी बोअरमधनं खाली चाललंय.

हे कसं, ते समजून घ्यायला आपला खडक समजला पाहिजे. धपाट्यांची चळत डोळ्यापुढं आणा. लाव्हाचा एक थर आला, थंड झाला, त्यावर दुसरा, असे थरावर थर. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, पांढरे-हिरवट खडे भरलेले, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. खालच्या अंगाला घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मधे कधी कधी लाल गेरूचा पट्टा, बोअर मारताना भुगा एकदम लाल येतो तो तोच. वर मुरूम. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगा-कपारीत. पाषाणात पाणी नसतं, भेग लागली तरच. आणि जे पाणी राहतं ते पण किती, तर चांगल्या मुरमाच्या-मांजऱ्याच्या १०० भागांतनं २ भाग पाणी हातात येतं, घट्ट पाषाणात अर्धा टक्का पण नाही. नदीकाठच्या वाळूत याच्या कितीतरी पट असतं. लोकांना वाटतं खाली समुद्र आहे, अजून शंभर फूट गेलं की लागेल. खाली समुद्र नाही, खाली चिरा आहेत. जेवढं खोल जाल तेवढ्या त्या वरच्या वजनानं मिटत जातात.

आता तुमच्या चुलत्यांच्या बोअरला केसिंग किती फूट टाकलं ते विचारा. बहुतेक वेळा मुरूम ढासळू नये म्हणून वीस-पंचवीस फूट टाकतात आणि त्याच्या खाली उघडं छिद्र. तुमचा आड ६० फुटांचा, त्याला पाणी येतं ते वीस ते साठ फुटांतल्या मुरमातनं नि मांजऱ्यातनं. बोअरनं तो थर भोसकला, खाली चारशे-पाचशे फुटांवर भेगा कोरड्या किंवा कमी दाबाच्या, मग वरचं पाणी छिद्रातनं सरळ खाली. म्हणजे बोअरला नवीन पाणी लागलं असं वाटतं पण त्यातलं बरंच तुमच्या आडाचंच पाणी साडेसातशे फुटांवर नेऊन परत मोटारीनं वर आणलेलं, विजेचं बिल भरून. हे मी खूप गावांत बघितलंय, एका बोअरनं चार आड कोरडे केलेले बघितलेत, आणि भावाभावांत त्यावरनं बोलणं बंद झालेलं पण बघितलंय. म्हणून मी भांडायला सांगत नाही. चुलत्यांना समजावून सांगा, बोअरमध्ये शंभरेक फुटांपर्यंत साधं, भोकं नसलेलं केसिंग टाकून बाहेरची फट सिमेंटनं बंद करता येते, वरचा थर सुटतो आणि आडाला पुढच्या पावसाळ्यात फरक पडतो. खर्च आहे, पण नवीन बोअर मारण्यापेक्षा कितीतरी कमी. आणि कायदा पण माहीत असू द्या, महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली बोअर घ्यायला मनाई आहे. एजंट हे कधी सांगत नाही.

पाणी कोमट का, हे सोपं आहे. जमिनीत खाली जाल तसं तापमान वाढतं, आपल्याकडं किलोमीटरला साधारण २५ अंश. पाव किलोमीटरला सहा अंश. आडाचं पाणी २७ च्या आसपास असतं, तर बोअरच्या तळाचं ३३ च्या आसपास. हिवाळ्यात पहाटे गार हातावर ते कोमटच लागणार. खाली ज्वालामुखी नाही, लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.

मचूळ का, तर ते पाणी जुनं आहे. पावसाचं पाणी मुरून तुमच्या आडात यायला काही महिने लागतात, पण तेवढ्या खोल भेगांत पाणी पोचायला फार काळ जातो, तिथं ते खडकाला लागून बसतं, खडकातले क्षार घेतं, कॅल्शियम सोडतं आणि सोडियम उचलतं. म्हणून अशा पाण्याचं एक लक्षण सांगतो, साबणाला फेस भरपूर येतो, अंग बुळबुळीत लागतं, डाळ लवकर शिजते, बायका म्हणतात पाणी चांगलं आहे. आडाच्या पाण्यात उलटं, जड पाणी, डाळ शिजायला वेळ, पातेल्याला पांढरा थर. पण तेच मऊ पाणी दोन-तीन वर्षं काळ्या जमिनीला दिलं की जमीन चोपण होते, पाऊस पडला की पाणी वरच उभं राहतं, उन्हात दगडासारखी घट्ट, उगवण होत नाही. अशी बिघडलेली काळी जमीन दुरुस्त करायला जिप्सम आणि बरीच वर्षं लागतात. म्हणून शेताला द्यायच्या आधी पण पाणी तपासा, त्यात आरएससी, म्हणजे पाण्यात उरलेला सोडियम कार्बोनेट, हा आकडा मागा, तो २.५ च्या वर असेल तर काळ्या जमिनीला देऊ नका, दिलंच तर आडाच्या पाण्यात मिसळून द्या.

आता प्यायचं. इथं माझं मत स्पष्ट आहे, तपासल्याशिवाय एक तांब्या पण घरात घेऊ नका, आणि आडाचं पण तपासल्याशिवाय चांगलं समजू नका. दोन्हीचे रोग वेगळे आहेत.

खोल पाण्याची भीती फ्लोराईडची. भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्या वर नाही. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त झालं, म्हणजे तेच मऊ-बुळबुळीत पाणी, की खडकातलं फ्लोराईड त्यात विरघळून राहतं. नांदेडच्या पूर्वेला, किनवटकडं, जिथं काळा दगड संपून ग्रॅनाईट वर येतो तिथं हा त्रास जुना आहे, पोरांच्या दातावर तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांच्या पाठी-गुडघे आखडलेले. आपल्या काळ्या दगडात साधारणपणे कमी असतं पण खोल बोअरमध्ये वाढलेलं मिळतं, आणि त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. मचूळ लागतं ते क्षारांमुळं, फ्लोराईड जिभेला कळत नाही.

आडाची भीती नायट्रेटची. मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ते येतं वरनं, युरियातनं, उकिरड्यातनं, गोठ्यातनं, संडासाच्या शोषखड्ड्यातनं. एका गावात आडाच्या पाण्यात मर्यादेच्या दुपटीच्या वर नायट्रेट आलं, लोक म्हणाले शेतातल्या खतामुळं असेल, मी आडाच्या कडेनं फिरलो तर पंधरा पावलांवर शोषखड्डा आणि त्याच्या पलीकडं उकिरडा, आणि त्या घरात तीन महिन्यांचं लेकरू, वरचं दूध त्याच पाण्यात कालवून देत होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ती तर लेकरासाठी पाणी उकळून देत होती. हे नीट वाचा, उकळून जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराईड जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळं थोडे वाढतात. साध्या कँडल फिल्टरनं, गाळून पण जात नाहीत. आरओनं कमी होतात.

नमुना कसा घ्यायचा तेवढं सांगतो, कारण चुकीच्या नमुन्याचा रिपोर्ट घेऊन लोक माझ्याकडं येतात. बोअरची मोटार पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा मगच घ्या, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी जातं. आडातनं घेताना नेहमीच्या दोरी-बादलीनं, पण पृष्ठभागावरचं तरंगणारं नको. स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, झाकण घट्ट, बाटलीवर तारीख आणि कुठलं पाणी ते लिहा. दोन्ही नमुने वेगळे. जंतूंची तपासणी करायची असेल तर प्रयोगशाळेतनं निर्जंतुक बाटली मागून आणा, नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला आहे, ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतात त्यांना विचारलं तरी मार्ग निघतो. रिपोर्टात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, पीएच एवढं तरी असू द्या. आणि एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर, कारण आडात पहिल्या पावसानंतर नायट्रेट वर चढतं.

आड वाचवायचा असेल तर एक हिशोब चुलत्यांसोबत बसून करा. ७०० मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला म्हणजे २८ लाख लिटर पाणी. आपल्या खडकात त्यातलं दहा टक्के मुरलं असं धरलं तर २ लाख ८० हजार लिटर. एक एकर ऊस पाटानं भिजवला तर वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी पितो, म्हणजे ८० लाख लिटर. एका एकर उसाला जवळपास २८ एकरांवर मुरलेलं पाणी लागतं. शेजारी २८ एकर मोकळी आहे का कुणाची? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा मी विहिरींचे तळ मोजत काढलाय, आणि त्याच उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस चालू होत्या. त्यामुळं हे आकडे मला नुसते आकडे वाटत नाहीत. चुलत्यांना उसाऐवजी सोयाबीन-हरभऱ्यावर भागत असेल तर तो बोअर आणि तुमचा आड दोन्ही जगतील, ऊस ठेवायचाच तर ठिबकवर आणि जेवढा झेपतो तेवढाच. आणि आडाच्या वरच्या अंगाला नाला असेल तर त्याचा गाळ काढा, उकिरडा आणि शोषखड्डा असतील तर उताराच्या खालच्या बाजूला हलवा.

आता परत आजींकडं येतो, कारण त्यांची भीती खोटी नाही, ती फक्त बोअरकडं बोट दाखवतेय. किल्लारीला माणसं मेली ती घरांनी. जाड दगडी भिंती, मातीच्या गिलाव्यात रचलेल्या, आतला नि बाहेरचा दगड एकमेकांत न बांधलेला, मधे नुसता भराव, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही, पिढ्यान्‌पिढ्या ते वजन वाढत गेलं. धक्का आला तेव्हा भिंती फुटल्या आणि ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, नंतर तीनमध्ये आला, पण जिथं पुनर्वसन झालं नाही अशा गावांत जुनी माळवदं अजून तशीच उभी आहेत.

तर भाऊ, आजी अजून जुन्या माळवदात झोपतात का ते मला कळवा. झोपत असतील तर पहिलं काम, वरची जादा माती गडी लावून उतरवा, चार-पाच बोटांचा थर ठेवून वर पत्रा किंवा ताडपत्री टाका. भिंतीला बाहेरून पोट आलं असेल तर ती खोली राहायला वापरूच नका. जमेल तेव्हा भिंतींना दारा-खिडक्यांच्या वरनं चारी बाजूनं सलग सिमेंट-सळईची पट्टी आणि जागोजागी आरपार दगड घालून घ्या, हे गावातला जाणता गवंडी करू शकतो. आणि हे होईपर्यंत आजींचं अंथरूण पत्र्याच्या खोलीत, भिंतीपासनं आणि मांडणीपासनं लांब टाका. पाण्याचे दोन्ही रिपोर्ट आले की आकडे जसेच्या तसे इथं लिहा, मी बघून सांगतो.